या वयात कशाला

माझ्या लेकानं माझ्या दुसऱ्या लग्नाला होकार दिला आणि त्याच बैठकीत खोल्याही वाटून टाकल्या. "काका वरच्या खोलीत झोपतील. तू खालीच, देवघराशेजारी झोपतेस तिथंच." हे तो माझ्याकडं न बघता, फरशीकडं बघत बोलला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हातातला कोरडा पेला उगाच पुन्हा पुसला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. नोकरीपायी आयुष्यभर लोकांच्या घरात शिरून पाळी कधी आली, पुढचं मूल कधी हवं, असले प्रश्न विचारत आले. पण त्या दिवशी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बरं."

मी आरोग्यसेविका. राहायला बीडमध्ये आणि ड्युटी मांजरसुंब्याच्या पुढच्या एका खेड्यात, उपकेंद्रावर. बायांना तांबी बसवायची, गोळ्यांची पाकिटं द्यायची, गड्यांच्या हातात निरोध ठेवायचे, दोन लेकरांनंतर ऑपरेशनला तयार करायचं, यात माझे केस पांढरे झाले. नवरा-बायकोच्या त्या गोष्टीबद्दल माझ्याइतकं उघड बोलणारी बाई त्या भागात दुसरी नसेल. पण बोलायचे ते सगळं लेकरू होण्याबद्दल, नाहीतर न होण्याबद्दल. लेकरू नको असतानाही माणसं एकमेकांजवळ का जातात, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

माझे पहिले यजमान वाईट नव्हते. साखर कारखान्यात नोकरी, तोंडात सुपारी, बोलणं कमी. आम्ही तेव्हा माजलगावला दोन खोल्यांत राहायचो. पडद्यापलीकडं सासू-सासरे. त्यामुळं आमच्यात जे व्हायचं ते अंधारात, श्वास रोखून. वाजू नयेत म्हणून मी बांगड्या दंडापर्यंत वर सरकवायचे. झालं की ते कूस बदलायचे. मला राग यायचा नाही. खरं म्हणजे काहीच वाटायचं नाही. लेक झाला. दुसऱ्या खेपेला बाळ दगावलं. पुढं मीच तांबी बसवून घेतली, आणि हळूहळू ते सगळं बंदच पडलं. मला वाटलं, सुटले. लेक कॉलेजात असताना किडनीच्या आजारानं ते गेले. मी खूप रडले. पण त्यांचा स्पर्श आठवायला गेले तर आठवायचे ते त्यांचे सुजलेले पाय. शेवटी शेवटी मी ते रोज चेपायचे.

ड्रायव्हरसाहेब आमच्या सकाळच्या एसटीवर होते. सगळी गाडी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची आणि मला सिस्टर. माझी जागा त्यांच्या मागचीच. उपकेंद्रासमोर थांबा नव्हता, तरी ते गाडी हळू करायचे. "उतरा सिस्टर, सांभाळून." एवढंच बोलणं, ते वर्षानुवर्षं. पुढं त्यांच्या पत्नीला कॅन्सर झाला. कुठं न्यायचं, डॉक्टरला काय विचारायचं, हे ते मला विचारू लागले. ती बाई गेली. ते रिटायर झाले. मग बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी आमच्या उपकेंद्रात यायला लागले. वास्तविक त्यांच्या घराजवळ मोठा सरकारी दवाखाना होता. हे मला दिसत होतं आणि मी न दिसल्यासारखं करत होते.

एकदा संध्याकाळची गाडी चुकली आणि मांजरसुंब्याच्या चौकात, एका ढाब्यावर आम्ही चहाला बसलो. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "सिस्टर, आपण लग्न केलं तर?"

"कशासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "जेवणाचे हाल होतात का?"

"सैपाक येतो मला." त्यांनी बशी खाली ठेवली. "खरं सांगू का? घरात हात लावायला कुणी न्हाई. लई दिवस झाले."

बोलून गेले आणि स्वतःच घाबरले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी पर्स उचलली, अर्धा चहा तसाच टाकला आणि चौकात भरत असलेल्या जीपमध्ये जाऊन बसले. म्हातारपणी या माणसानं लाज सोडली, असं बीड येईपर्यंत मनात घोकत राहिले. घरी भाजी चिरायला बसले तेव्हा राग उतरला होता. त्यांचं ते 'हात लावायला कुणी न्हाई' मात्र कानातून जाईना.

त्यानंतर ते आलेच नाहीत. गोळ्या संपल्या असतील म्हणून शेवटी मीच फोन केला.

लग्नाचं घरात सांगितलं तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं कारण शोधून दिलं. त्यांची आष्टीकडं दिलेली मुलगी म्हणाली, बाबांच्या जेवणाची सोय होईल. माझी बहीण म्हणाली, दुखलं-खुपलं तर जवळ कुणी असावं. लेक आधी महिनाभर बोलला नाही, मग म्हणाला, सोबत म्हणून ठीक आहे. एकच कारण सगळ्यांनी वळसा घालून टाळलं. शेजारची गॅरेजवाल्याची बायको तेवढी मोकळी. तिनं मेंदीचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "आमच्यात बेवाचा निकाह लावतेत, त्यात काय एवढं? माणसाला जोडा लागतोच." मी घाईनं विषय बदलला.

नोंदणी झाली, पेढे वाटले, ड्रायव्हरसाहेब आपलं भाड्याचं घर सोडून एक ट्रंक आणि एक सुटकेस घेऊन वरच्या खोलीत आले. घर माझ्याच पगारातून बांधलेलं. पण त्या घरात मी आता चोरासारखी वावरू लागले. मी जिन्यावर पाय ठेवला की हॉलमधल्या टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. चहाचा कप देऊन मी लगेच खाली यायचे. एकदा त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत थोडी थांबले, तर खालून हाक आली, "आई, गॅसवर काही ठेवलंय का?" गॅसवर काही नव्हतं. मी अर्धवट टाका तोडून खाली आले.

लेक वाईट वागत नव्हता. काकांना वेळेवर पेपर द्यायचा, त्यांच्यासाठी फळं आणायचा. पण रोज माझं अंथरूण देवघराशेजारी पडलेलं स्वतः बघितल्याशिवाय आपल्या खोलीत जायचा नाही. त्याच्या खोलीचं दार उघडंच राहायचं. आत सून आणि तो कुजबुजायचे, मग तेही थांबायचं. चार माणसांच्या घरात चौघंही कान टवकारून पडलेले.

"सिस्टर, मी हितं भाडेकरू हाय का?" ड्रायव्हरसाहेबांनी एकदा विचारलं.

"आता तरी सिस्टर म्हणू नका."

"मग काय म्हणू? दुसरं काही म्हणाया तुमी जवळ कुठं येता?"

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं परतली आणि उपकेंद्रात गर्दी वाढली. एक दिवस लसीकरण चालू असताना एक बाई मागं थांबून राहिली. तिशीची असेल. उन्हानं रापलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. सगळ्या बाया गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं.

"बाई, एक इचारू का? कुनाला सांगू नका."

"विचार."

"माझी पिशवी काढून दोन वर्सं झाली. तवापासून मालक भाईर झोपतेत. सासू म्हनती, पिशवी न्हाई तर तिच्यापाशी आता काय काम? गड्याला कमजोरी येती म्हनं."

गर्भाशय काढलेल्या बाया आमच्याकडं पुष्कळ. माझं उत्तर तयार होतं. मी सांगू लागले की कमजोरी वगैरे काही येत नाही, आतली जखम भरली की नवरा-बायकोनं जवळ यायला हरकत नसते. तिनं मान हलवून मला थांबवलं.

"त्ये न्हाई वो. लेकरं झाली. पिशवी गेली, पाळी गेली. आता त्याचं कामच उरलं न्हाई म्हनतेत समदे. मग मला कावून वाटतं?"

बाहेर सुई टोचलेलं एक पोर रडत होतं. मी टेबलावरचा कापूस डब्यात भरला, झाकण लावलं.

"मलाबी वाटतं," मी म्हणाले.

तिनं आधी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, मग गळ्यातल्या नव्या मंगळसूत्राकडं. गावात सगळ्यांना माझं लग्न माहीत होतं. पदर तोंडाला लावून ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग तुमी काय करता?"

"काही नाही."

"म्हंजी तुमचंबी माझ्यावानीच," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कीवच होती, आणि तीच मला लागली.

मी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो हातात टोपी घेऊन स्टुलाच्या टोकावर बसला. मी सांगत होते आणि तो खाली बघून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, "तिला दुखनार तर न्हाई ना? मी भ्यालतो, बाई." त्याच्या आईचं ते कमजोरीचं बोलणं त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. फाडलेल्या पोटाला आपला हात लागला तर काय होईल, या भीतीनं तो दोन वर्षं ओसरीवर झोपला होता, आणि ती आत, आपण कामाच्या राहिलो नाही असं समजून.

त्या दिवशी मी बीडला उतरले आणि थेट घरी न जाता हार्डवेअरच्या दुकानात गेले. वरच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. बांधकामात राहून गेली होती आणि त्याची कधी गरजही पडली नव्हती. मी एक साधी कडी घेतली. ड्रायव्हरसाहेबांनी काही न विचारता ट्रंकेतून हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. ठोकण्याचा आवाज ऐकून लेक वर आला.

"काय चाललंय?"

"कडी बसवतोय," मी म्हणाले.

"कशाला?"

मी कडी दाराला धरून ठेवली. ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडात स्क्रू होते. लेक तसाच खाली गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या रविवारी माजलगावला सुनेच्या नात्यातलं लग्न होतं. लेक आणि सून सकाळीच मोटरसायकलवर गेले. दुपारी मी भांडी आवरली, हात पुसले आणि वर गेले. कडी लावली. तिचा आवाज मला फार मोठा वाटला.

खरं सांगायचं तर काहीच नीट झालं नाही. आम्ही दोघं नव्या नवरा-नवरीपेक्षा जास्त घाबरलो होतो. त्यांना शुगर, मला पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा. बायांना मी त्यावर उपाय सांगायचे, पण स्वतःसाठी काही आणून ठेवायचं सुचलं नव्हतं. ते तोंड फिरवून बसले. "गाडी जुनी झाली, सिस्टर." मला हसू आलं. मग त्यांनाही. खिडकीतून लख्ख उजेड येत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषाचं अंग उजेडात बघत होते. मानेपर्यंत करपलेला रंग, त्याखाली गोरी छाती, बरगडीवर एका जुन्या अपघाताचा व्रण. तेही मला बघत होते. पोटावरच्या सुरकुत्या झाकायला मी पदर ओढला, तो त्यांनी हलकेच बाजूला केला आणि तिथं तळवा ठेवला. तेवढंच. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि अंगातलं काहीतरी फार दिवसांनी सैल झालं.

तेव्हाच खाली गेट वाजलं.

मोटरसायकलचा आवाज ओळखीचा होता. मग जिन्यावर बूट. दार ढकललं गेलं, अडलं, पुन्हा ढकललं गेलं. "आई?"

माझ्या हातानं आधी काय केलं असेल, तर बांगड्या दंडाकडं सरकवल्या. स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या, लग्नाच्या नवऱ्याजवळ. ते लक्षात आलं आणि मला स्वतःचाच संताप आला. मी बांगड्या सोडून दिल्या. खणखण वाजत त्या मनगटावर आल्या. "थांब, येते," मी मोठ्यानं म्हणाले. साडी नीट केली, केस बांधले, अजिबात घाई केली नाही. मग दार उघडलं.

लेकाचा चेहरा घामानं निथळत होता. मागं जिन्यात सून. लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी त्याची चेष्टा केली होती, "काय बे, आईचं नवीन जोडपं काय म्हणतंय?" तो ताटावरून उठून तडक निघाला होता, हे मला मागाहून कळलं.

"दार कावून लावलं होतं?" शिकलेला पोरगा, पण चिडला की त्याच्या तोंडी गावाकडचं येतं.

"लग्न झालंय माझं."

"या वयात? कशाला लागतं तुला हे? लेकरू व्हायचंय का आता?"

"अहो," म्हणत सुनेनं त्याची बाही धरली. त्यानं ती झटकली.

"लेकरासाठी होतं तेव्हा मला काही कळलंच नाही," मी म्हणाले. "तू झालास, तरीसुद्धा हे काय असतं ते मला माहीत नव्हतं."

"बाबांना मधे आणू नकोस."

"मी त्यांना वाईट म्हणत नाही. चांगले होते ते. पण त्यांनी मला उजेडात कधी बघितलं नाही, आणि मी त्यांना."

त्यानं हातातलं हेल्मेट भिरकावलं. ते भिंतीवर आपटून जिन्यानं आदळत खाली गेलं. मला वाटलं, आता हा हात उचलणार. पण तो पायरीवर बसला आणि एकदम लहान आवाजात म्हणाला, "मला या घरात झोप येत नाही, आई. सारखे कान वर लागतात. नको वाटतं, तरी लागतात."

तो खोटं बोलत नव्हता. पडद्याआडच्या त्या खोलीत मीही अशीच कान लावून झोपायचे, सासूच्या खोकल्याकडं. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, पण तो हात त्यानं झटकला असता. ड्रायव्हरसाहेब आतून बाहेर आले. शर्टाची बटणं चुकीच्या काज्यात लागलेली. "पोरा, मी जातो हितनं. तुमी नका भांडू."

"जायचं तर दोघं," मी म्हणाले. हे मी ठरवून बोलले नाही. बोलल्यावर मात्र मागं घेतलं नाही.

गॅरेजवाल्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला माडीवरच्या दोन खोल्या बघून दिल्या. त्याची बायको चिडली होती. "घर तुमचं, अन् निघता तुमीच?" तिला काय सांगणार? त्या घरात भांडून मिळालेलं दार मला नको होतं. नव्या घरमालकानं चष्म्यावरून बघत विचारलं, "दोघंच?" मी म्हणाले, "दोघंच." माझी मान खाली गेली नाही, एवढं मला आठवतं.

लोकांना वाटतं तसं आमचं काही चालत नाही. कधी त्यांची शुगर, कधी माझी कंबर. कित्येकदा नुसतं जवळ पडून राहतो. कधी होतंही, आणि झालं की ते कूस बदलत नाहीत. बोलतात. बायकोच्या शेवटच्या दिवसांत ती अंगाला हात लावू द्यायची नाही, तेव्हा ते गाडीच्या स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडायचे, हे त्यांनी मला असंच एकदा सांगितलं. आणि मी त्यांना माझ्या दुसऱ्या बाळाबद्दल सांगितलं. मुलगी होती. तिचा रंग, तिच्या बोटांची नखं, तिला कापडात गुंडाळून नेलं तेव्हा मी मागितली तरी कुणी माझ्या हातात दिली नाही, हे सगळं. लेकाला हे माहीत नाही. त्याच्या वडिलांशीही मी कधी बोलले नव्हते, आणि तेही बोलले नव्हते. एका बिछान्यावर झोपत होतो आम्ही, पण अंगावरचं काही उतरवलंच नव्हतं. माझ्यापाशी येणाऱ्या बायांना मी अजूनही तांबी आणि गोळ्या सांगते. आता त्यापुढं एक प्रश्न विचारते, "जवळ असताना बोलता का एकमेकांशी?" काही जणी लाजतात. काही जणी गप्प होतात, आणि मग मी त्यांना आणखी थोडा वेळ बसवून घेते.

लेक बरेच महिने आला नाही. सून फोन करायची, तोही दबक्या आवाजात. दिवाळीनंतर एका सकाळी तो गावाकडच्या ज्वारीचं पोतं घेऊन आला. दारात टेकवलं, उभ्यानंच पाणी प्यायला. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "बस की." तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, निम्मा बाहेर वळून.

"काका, गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो. तुझी आई सोडती व्हय?"

मग त्यानं मला विचारलं, "बरी आहेस ना तू?"

"बरी आहे."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याची नजर तिकडं गेली, पलंगावर, दोन उशांवर, आणि झटकन परत आली. कान लाल झाले. मला वाटलं, आता उठेल. मी गॅसजवळ तशीच थांबले, चहा उतू जायला आला तरी. तो उठला नाही. कप दोन्ही हातांत धरून त्यानं चहा संपवला, आणि गावाकडचं काहीबाही सांगितलं.

अजून तो आमच्याकडं जेवायला थांबत नाही आणि मी आग्रह करत नाही. त्या दिवशी निघताना त्याची मोटरसायकल चालू होईना. किक मारून मारून तो दमला. ड्रायव्हरसाहेब बनियनवरच खाली गेले, बाजूला उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाना दे. प्लग बघू." लेकानं सीटखालून पाना काढून त्यांच्या हातात दिला आणि तोही शेजारी बसला. मी वरून बघत होते. दोघांची डोकी इंजिनावर वाकलेली. काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं.